कल्पना चावला : कर्नालच्या फ्लाइंग क्लबपासून हवेच्या गणितापर्यंत

चंडीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना कल्पना चावलाला कोणी विचारले, की पुढे काय करणार, तर ती ‘फ्लाइट इंजिनिअर’ असे उत्तर देत असे. हा शब्द तिने चुकीच्या अर्थाने धरला होता. विमानाची रचना करणारा माणूस म्हणजे फ्लाइट इंजिनिअर, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात त्या काळच्या मोठ्या विमानांत वैमानिकांच्या मागे बसून इंजिने, इंधन आणि विजेच्या यंत्रणा यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला ते नाव होते. ही गोष्ट तिने पुढे अनेक वर्षांनी, दुसऱ्या अंतराळ उड्डाणाआधीच्या मुलाखतीत, स्वतःच सांगितली. बारावीनंतर शाखा निवडणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींची स्थिती अशीच असते : ओढ पक्की, पण त्या ओढीला नेमके काय म्हणतात याची माहिती अपुरी. तिच्या बाबतीत या अपुऱ्या माहितीने नुकसान का केले नाही, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

कल्पनाची कथा आपल्याकडे स्वप्नपूर्तीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु तिची शिक्षणे, प्रबंध आणि नोकऱ्या तारखांप्रमाणे ओळीने मांडल्या, की एक अधिक कामाची गोष्ट दिसते. पदव्युत्तर शिक्षणापासून नासाने निवड करेपर्यंत ती एकाच प्रश्नाला धरून होती : पंखाच्या आणि इंजिनातून सुटणाऱ्या झोताच्या आसपास हवा बिघडते कशी, आणि ते बिघडणे आधी गणिताने सांगता येते का. अंतराळवीर म्हणून झालेली निवड या कामावर उभी होती. म्हणून या लेखात उड्डाणांपेक्षा त्याआधीच्या वर्षांना जास्त जागा दिली आहे.

तिचा जन्म १७ मार्च १९६२ रोजी कर्नाल येथे झाला. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जुलै १९६१ ही तारीख लावलेली होती, कारण मॅट्रिकच्या परीक्षेला बसण्यासाठी वय कमी पडत होते. कुटुंब फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेले, वडिलांचा टायरचा व्यवसाय. तिने जिथे शिक्षण घेतले ते महाविद्यालयही मूळचे लाहोरजवळच्या मुघलपुऱ्याचे. फाळणीनंतर आधी रुडकीला आणि मग चंडीगडला आलेले. घर आणि कॉलेज दोघांनीही नव्याने संसार मांडलेला होता.

कर्नाल लहान गाव, पण तिथे फ्लाइंग क्लब होता, आणि त्या काळी अशी गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. क्लबची पुष्पक जातीची छोटी विमाने घरांवरून जात. भावाने आणि तिने वडिलांकडे हट्ट धरला आणि वडिलांनी दोघांना क्लबवर नेऊन पुष्पकमधून आणि ग्लायडरमधून एकेक फेरी मारून आणली. याच जोडीला तिने आणखी एक आठवण सांगितली आहे. जे. आर. डी. टाटांनी ज्या विमानातून सुरुवातीची टपाल उड्डाणे केली, ते एका विमानतळावर टांगून ठेवलेले तिला पाहायला मिळाले होते आणि त्याचा तिच्यावर खोल परिणाम झाला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरलेल्या त्या उड्डाणाबद्दल आपण शाळेत वाचतो. कर्नालच्या मुलीला त्या इतिहासातली वस्तू प्रत्यक्ष दिसली. मला या दोन्ही आठवणींत एक समान गोष्ट वाटते. विमान तिच्यासाठी चित्रातले राहिले नव्हते. त्याचे कापडाचे अंग, तारा, चाके ही हात लावण्याइतकी जवळ होती, आणि वडिलांनी त्या एका दुपारसाठी वेळ काढला होता. मुलींनी विज्ञानाकडे वळावे यासाठी आपण भाषणे पुष्कळ करतो. फ्लाइंग क्लबपर्यंत नेऊन आणणारे पालक त्यामानाने थोडे.

१९७८ मध्ये तिने वैमानिक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, तेव्हा दुसरी शाखा घेण्याचा सल्ला तिला मिळाला. हा सल्ला देणाऱ्यांना आज खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्या बाजूने त्या वर्षीचा भारत पाहिला पाहिजे. विमान अभियंत्याला काम देणाऱ्या जागा म्हणजे बंगळूरची हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, दोन सरकारी विमान कंपन्या, संरक्षण संशोधनाच्या काही प्रयोगशाळा आणि इस्रो. हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत स्त्रियांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. इस्रोचे एसएलव्ही-३ हे रॉकेट ऑगस्ट १९७९ मध्ये, म्हणजे ती दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, समुद्रात कोसळले आणि १८ जुलै १९८० रोजी, दुसऱ्या प्रयत्नात, यशस्वी झाले. देशाचा अवकाश कार्यक्रमच जिथे पहिली पावले टाकत होता, तिथे एका मुलीने या शाखेत चार वर्षे घालून मग नोकरी कुठे शोधायची, हा प्रश्न काळजीपोटीच आलेला असणार.

तरीही त्या सल्ल्यात एक चूक होती, आणि ती चूक आजही प्रवेशाच्या फेऱ्यांत रोज होते. सल्ला देणाऱ्याने आजच्या नोकऱ्या मोजल्या. विद्यार्थिनीने विषय मोजला. त्याच १९७८ च्या जानेवारीत नासाने ३५ अंतराळवीरांची नवी तुकडी जाहीर केली होती आणि तिच्यात प्रथमच ६ स्त्रिया होत्या. कर्नाल-चंडीगडच्या कोणी ही बातमी शाखानिवडीच्या संदर्भात वाचली असेल असे मला वाटत नाही. पण जगात कुठे काय उघडते आहे याचा अंदाज चार वर्षे आधी कोणालाच नसतो, म्हणून ‘स्कोप’ या एकाच कसोटीवर शाखा निवडणे हा अर्धाच हिशोब असतो. कल्पना १९८२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली. त्या महाविद्यालयातून या शाखेत पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री होती.

पुढचे शिक्षण भारतात शक्य नव्हते असे नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती, मुंबई, कानपूर, मद्रास येथील आयआयटींमध्ये विमान अभियांत्रिकीचे विभाग होते. तिने अमेरिका निवडली. परदेशी एकटीने जाण्याला वडिलांचा होकार सहज मिळाला नव्हता, पण मिळाला, आणि १९८२ मध्येच ती टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेत दाखल झाली. ती तिथे असताना, जून १९८३ मध्ये, सॅली राइड ही अंतराळात जाणारी पहिली अमेरिकी स्त्री ठरली आणि एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले. या दोन्ही घटना घडत होत्या तेव्हा कल्पना एका पंख्याच्या आवरणाचा आकार ठरवत होती.

तो पंखा समजून घेण्यासारखा आहे. आपल्या घरातल्या स्प्लिट एसीच्या भिंतीवरच्या पेटीचे झाकण उघडले, की आत एक लांब, नळीसारखी, पात्यांची फिरकी दिसते. ती हवा एका बाजूने ओढते आणि आपल्याच पोटातून आरपार नेऊन दुसऱ्या बाजूने पट्टीसारखी बाहेर फेकते. याला क्रॉसफ्लो पंखा म्हणतात. असा पंखा विमानाच्या पंखात आडवा बसवला, तर तो पंखाच्या वरच्या पृष्ठभागालगतची हवा ओढून मागच्या कडेने सोडू शकतो, आणि त्यातून उचल व ढकल दोन्ही मिळू शकतात. अडचण अशी, की फिरकीभोवतीच्या आवरणाचा आकार जरा चुकला तरी आत एक भोवरा अयोग्य जागी बसतो आणि बरीच शक्ती वाया जाते. १९८४ चा तिचा पदव्युत्तर प्रबंध या आवरणाचा सर्वांत योग्य आकार शोधण्यावर होता. विषय वरवर किरकोळ दिसतो, पण भोवऱ्याला आपल्या जागी बसवणे हे पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्यात आहे.

डॉक्टरेटसाठी ती कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला गेली. तिथे २८ जानेवारी १९८६ चा दिवसही तिच्या विद्यार्थिदशेतच आला. त्या दिवशी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यात विद्युत अभियंता असलेल्या ज्युडिथ रेझ्निक यांच्यासह सात जण गेले. कल्पनाने वाट बदलली नाही. १९८८ च्या तिच्या प्रबंधाचा विषय होता सतत बदलणाऱ्या भोवऱ्यांच्या प्रवाहाची गणना आणि त्यांचे नियंत्रण. पंख जास्त कोनात उचलला, की वरच्या पृष्ठभागावरची हवा पंख सोडून भोवऱ्यांच्या रूपाने निघून जाते. विमान ‘स्टॉल’ होते ते यामुळे. हे भोवरे क्षणोक्षणी हलतात, म्हणून प्रवाहाचे एक स्थिर चित्र काढून भागत नाही. वेळेच्या बारीक पायऱ्या करून प्रत्येक पायरीला समीकरणे पुन्हा सोडवावी लागतात, आणि त्या काळच्या संगणकांवर हे काम अतिशय संथ होते.

त्याच वर्षी तिला कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम मिळाले. तिथे विषय होता हॅरियरसारख्या, झोताच्या बळावर सरळ वर उठणाऱ्या विमानांचा. असे विमान जमिनीपासून थोड्या उंचीवर तरंगत असते, तेव्हा त्याचे गरम झोत खाली जमिनीवर आपटतात आणि चहूकडे पसरतात. पसरणारी हवा विमानाच्या पोटाखालची हवा सोबत ओढून नेते, त्यामुळे पोटाखाली दाब कमी होतो आणि विमान खाली खेचले जाते. दुसरीकडे झोताची तापलेली हवा वळसा घेऊन पुन्हा इंजिनाच्या तोंडात शिरते, इंजिनाची ताकद घटते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी उचल कमी पडते. वैमानिकासाठी हे उतरतानाचे सर्वांत धोक्याचे काही सेकंद असतात. कल्पनाने सहकाऱ्यांबरोबर जमिनीजवळ झोत सोडणाऱ्या त्रिकोणी पंखाचे संगणकी नमुने तयार केले आणि त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले.

१९९३ मध्ये ती लॉस आल्टोस येथील ओव्हरसेट मेथड्स या कंपनीत उपाध्यक्ष आणि संशोधक म्हणून गेली. कंपनीच्या नावातच पद्धत आहे. हवेची समीकरणे संगणकावर सोडवायची तर विमानाभोवतीची जागा बिंदूंच्या जाळीत विभागावी लागते. एका साध्या पंखाभोवती जाळी विणणे जमते. परंतु पंखाखाली टाकी, टाकीपासून सुटणारी वस्तू, आणि ती वस्तू हलत असताना दर क्षणाला बदलणारे अंतर, हे सगळे एका जाळीत बसवायला गेले की जाळी फाटते. ओव्हरसेट पद्धतीत प्रत्येक वस्तूला तिची स्वतंत्र जाळी देतात आणि या जाळ्या गोधडीतल्या तुकड्यांसारख्या एकमेकींवर चढू देतात. जिथे चढतात तिथे एकीवरचे आकडे दुसरीला दिले जातात. वस्तू हलली, की तिची जाळी तिच्याबरोबर सरकते, बाकी सगळे तसेच राहते. एकमेकांपासून सुटून जाणाऱ्या वस्तूंच्या हालचालीची गणना हा तिच्या तिथल्या कामाचा गाभा होता. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण लेखाच्या शेवटी त्याकडे परत यावे लागणार आहे.

याच काळात एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख आपल्याकडच्या व्याख्यानांत क्वचित होतो. १९९१ मध्ये कल्पनाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. नासाच्या अंतराळवीर पदासाठी अमेरिकी नागरिकत्व ही अटच आहे. गुण, प्रबंध, उड्डाण परवाना यांतले काहीही त्या अटीची जागा घेऊ शकत नाही. हा केवळ अंतराळवीरांचा प्रश्न नाही. संरक्षणाशी जोडलेले तंत्रज्ञान परक्या नागरिकाच्या हाती देण्यावर अमेरिकेत कायद्याची कडक बंधने आहेत, आणि रॉकेट व उपग्रह यांचे बरेचसे काम त्यांच्या कक्षेत येते. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून एमएससाठी जाणाऱ्या मुलीला उत्तम गुण असूनही अनेक जाहिरातींवर ‘फक्त नागरिक किंवा कायम रहिवासी’ ही ओळ वाचावी लागते, ती यामुळे. कर्ज काढून पाठवणाऱ्या पालकांनी ही ओळ जाण्याआधी वाचलेली असावी, असे मला अगदी मनापासून वाटते. कल्पनासाठी तो दरवाजा उघडला, पण त्याची किंमत तिने आपल्या देशाच्या पासपोर्टने दिली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

भारतातली वाट आज तिच्या काळापेक्षा रुंद आहे, तरी पुरती मोकळी नाही. गगनयानासाठी २७ फेब्रुवारी २०२४ रोजी ज्या चौघांची नावे जाहीर झाली, ते सर्व हवाई दलाचे चाचणी वैमानिक आणि सर्व पुरुष होते. निवड चाचणी वैमानिकांमधून करायची असे ठरले, की जिथे स्त्रिया उशिरा पोचल्या त्या पदावरच चाळणी लागते.

कल्पना स्वतः उडायलाही शिकली होती. एक आणि अनेक इंजिनांची विमाने, पाण्यावर उतरणारी विमाने आणि ग्लायडर यांचे व्यावसायिक परवाने तिच्याकडे होते, शिवाय उड्डाण शिकवण्याचा परवानाही होता. डिसेंबर १९९४ मध्ये नासाने तिची निवड केली, मार्च १९९५ मध्ये ती ह्यूस्टनला रुजू झाली, आणि सुरुवातीच्या कामांत शटल या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाची नियंत्रण प्रणाली प्रयोगशाळेत तपासण्याचे काम तिच्याकडे आले. म्हणजे इथेही पहिली काही वर्षे टेबलावरचीच होती.

पहिले उड्डाण १९ नोव्हेंबर १९९७ रोजी, कोलंबिया यानातून, एसटीएस-८७ या मोहिमेत झाले, आणि अभियंता म्हणून तिची सर्वांत कठीण परीक्षा त्यातच होती. २१ नोव्हेंबरला तिने यानाच्या यांत्रिक हाताने स्पार्टन हा सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास करणारा उपग्रह उचलून अवकाशात सोडला. सुटल्यावर त्याने स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आपण जागे आहोत हे दाखवायचे होते. त्याने ती घेतली नाही, कारण सोडण्याआधीची एक आज्ञा त्याच्यापर्यंत नीट पोचलीच नव्हती. त्याला परत धरण्यासाठी तिने हात पुढे नेला. पकड पक्की झाल्याची खूण आली नाही. हात मागे घेताना उपग्रहाला धक्का बसला आणि तो सेकंदाला सुमारे दोन अंशांनी फिरू लागला. यानप्रमुख केव्हिन क्रेगेल यांनी यानच त्या गतीने फिरवून पाहिले, पण तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. तीन दिवसांनी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी यानाबाहेर जाऊन तो उपग्रह चक्क हातांनी धरला.

हात चालवणारी ती होती, त्यामुळे बातम्यांत बोट तिच्याकडे वळले. नासाच्या चौकशीत मात्र दोष दोन ठिकाणी सापडला : आज्ञा देण्याच्या सॉफ्टवेअरच्या मांडणीत, आणि यानातील चमू व जमिनीवरील नियंत्रण कक्ष यांच्यासाठी आखलेल्या कार्यपद्धतीत. मला हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. शेवटचे बटण ज्याच्या बोटाखाली होते त्याच्यावर खापर फोडले, की चौकशी तिथेच थांबते आणि तीच चूक पुढच्या माणसाच्या वाट्याला जशीच्या तशी उरते. यंत्रणेने आज्ञा अपुरी राहिली आहे हे दाखवलेच नाही तर माणूस पुढे जाणारच, हे मान्य करायला संस्थेकडे मोठे मन आणि काटेकोर कागद दोन्ही लागतात. कल्पनाला पुढची मोहीम मिळाली, आणि तीही अधिक जबाबदारीची.

ती मोहीम, एसटीएस-१०७, पुन्हा पुन्हा पुढे गेली. २००२ मध्ये शटल ताफ्यातील यानांच्या इंधन नळ्यांच्या आतील अस्तराला बारीक तडे सापडले, त्यानेही उशीर झाला. अखेर १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया निघाले. चढताना आणि उतरताना कल्पना यानप्रमुख आणि वैमानिक यांच्या मागे, दोघांच्या मधल्या आसनावर बसणार होती. यंत्रणांवर नजर ठेवायची आणि कार्यपद्धतीच्या याद्या वाचून दोघांना साथ द्यायची, हे तिचे काम होते. चंडीगडला पहिल्या वर्षी ती जो शब्द उच्चारत होती, त्याचा खरा अर्थ हाच होता. सोळा दिवसांत चमूने दोन पाळ्यांत सुमारे ८० प्रयोग केले. १ फेब्रुवारी रोजी, उतरायला सुमारे १६ मिनिटे उरली असताना, यान टेक्सासवर तुटले आणि सातही जण गेले.

कारण उड्डाणाच्या वेळीच घडून गेले होते. निघाल्यावर ८१.७ सेकंदांनी बाहेरील इंधन टाकीवरचा, जेमतेम पाऊण किलो वजनाचा, फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत तो दिसला. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे कक्षेतच मिळवावीत अशी मागणी केली, पण ती पुढे गेली नाही. इतका हलका तुकडा पंख फोडेल यावर पुष्कळांचा विश्वास बसत नव्हता. मात्र हलकेपणातच उत्तर होते. यान ताशी सुमारे २,५२५ किलोमीटर वेगाने जात होते; सुटलेल्या फोमला हवेने ०.१६१ सेकंदात ताशी सुमारे १,६५० किलोमीटरपर्यंत मंदावले, आणि मागून येणारा पंख ताशी सुमारे ८७५ किलोमीटर वेगाच्या फरकाने त्याच्यावर चालून गेला. जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनियो येथे पंखाच्या तशाच कडेवर फोमचा तुकडा झाडून पाहिला, तेव्हा तिला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले.

टाकी, यान आणि रॉकेटे यांच्याभोवतीच्या हवेतून तो तुकडा कसा वळला आणि कुठे आदळला, हे काढण्यासाठी नासाच्या अभियंत्यांना तो सगळा प्रवाह संगणकावर पुन्हा उभा करावा लागला. त्यासाठी त्यांनी ज्या पद्धती वापरल्या, त्यांत एकमेकींवर चढणाऱ्या जाळ्यांची पद्धत होती. दहा वर्षांपूर्वी लॉस आल्टोसमध्ये कल्पना सुटून जाणाऱ्या वस्तूंसाठी जिच्यावर काम करत होती, तीच.